सरडा वगळून

‘खोटं सांगत असेन तर मुदखेडची गाडी माझ्याबिगर जावो.’ बस, एवढंच वाक्य. पण ते पडद्यावर दिसलं आणि तनुजाचा चहाचा कप टेबल आणि तोंड यांच्या मध्येच कुठंतरी थांबला. सकाळचे अकरा, नांदेडातल्या एका टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खाली कुणीतरी टायर फरशीवर आपटतंय, आणि इथं चाळिशीला टेकलेली बाई नऊ वर्षांची होऊन बसलेली. तिचं काम तसं सरळ होतं. नांदेड-लातूरकडच्या क्लासांबद्दलची आणि वसतिगृहांबद्दलची गाऱ्हाणी नाव न सांगता इंटरनेटवर मांडता यावीत, म्हणून एका संस्थेनं हा कक्ष काढला होता. गाऱ्हाणं टाकलं की एक आकडा मिळायचा, आणि त्या आकड्याच्या आडोशानं दोन्ही बाजूंना एकमेकांशी लिहून बोलता यायचं. सहा वर्षं ती हे वाचत आली होती: पाण्यातल्या अळ्या, आठ फुटी खोलीत सहा पोरी, पट्टीनं मारणारे सर, घरी जाते म्हणाली म्हणून कोंडून ठेवलेली मुलगी. माणसं लपतात कशी, तेही तिला पाठ झालं होतं. बाई असून पुरुष व्हायचं, स्वयंपाकी असून पालक व्हायचं; एकानं तर संशय येऊ नये म्हणून स्वतःच्याच विरुद्ध चार वाईट शब्द घातले होते. पण हा गडी जगावेगळा. ह्यानं नाव लपवलं, गाव लपवलं, वय लपवलं, काम लपवलं, आणि जी ऐकून पाच गावं माणूस ओळखतील ती शपथ तेवढी शेवटी नीट मांडून ठेवली. तोंडाला उपरणं गुंडाळावं आणि आपल्याच गल्लीतून आपलीच शीळ घालत जावं, तसं.

वसतिगृहाचं नाव त्यानं ठळक दिलं होतं. आपण ते घ्यायला नको. सांगणाऱ्याचंच नाव घ्यायची चोरी, तिथं ह्याचं कशाला. बाकी मजकूर असा होता: ‘लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींचं वसतिगृह हाय. खाली जेवणघर होतं, त्याची अभ्यासिका केली. मधी दोन खांब आडवे येऊ लागले म्हणून खांबच काढले. आता वरचे तीन मजले नुस्ते सवयीनं उभे हायत. तुळईला चीर पडलीय, तिच्यात सरडा सहकुटुंब ऱ्हातो, गेल्या महिन्यात त्याच्या थोरल्या लेकीचं लगीन झालं. दुसऱ्या मजल्यावरची दारं आता माणसाला इचारून लागतात. वर एकशेचाळीस लेकरं निजतात.’ आणि मग ती शपथ. तनुजा आधी हसली. हसू ओठांवर असतानाच तळपायांना काहीतरी गार लागलं, जमिनीतून वर आल्यासारखं. सवयीनं उभे हायत. ह्या वाक्यातली थट्टा कुठं संपते आणि कुठं सुरू होते एकशेचाळीस पोरींची झोप, ते तिला नीट माहीत होतं.

ही शपथ तिनं एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती. किल्लारीच्या अलीकडच्या तिच्या गावात तो शाळेचा शिपाई होता. नाव... नको. ते मनातसुद्धा येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि त्याच घटकेला ते पाय पुसून आत येऊन बसलं: सटवाजी. सटवामामा. भूकंपात तनुजाची आई गेली, धाकटा भाऊ गेला, आणि गाव म्हणून जे काही होतं त्याचा दगडमातीचा एक सलग ढीग झाला. मग पत्र्याची शेडं आली, शेडात शाळा आली, पण पोरं छताखाली जातील तर शपथ. गुरुजी आत, पोरं बाहेर उन्हात, फळा मधल्या दारात. सटवामामानं कुणाला ओढून आत नेलं नाही, की समजूत घातली नाही. तो शेडात अगदी आतल्या कोपऱ्यात पालथ्या पाटीवर बसायचा आणि बारीक आवाजात गोष्ट सांगायचा, मुद्दाम बाहेर अर्धीच ऐकू येईल अशी. नायगावच्या एका विहिरीत हाक मारली तर उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं, आणि तेही तेलुगूत. मग ते कळून घ्यायला देगलूरहून माणूस आणायचा, तो येईपर्यंत उत्तर शिळं व्हायचं. उत्तर काय होतं ते मामा आणखी हळू सांगायचा. पोरं वीत वीत आत सरकायची. आठव्या दिवशी तनुजाच्या डोक्यावर पत्रा होता, आणि हे तिला नवव्या दिवशी कळलं. तोवर उशीर झाला होता, भीती निसटून गेली होती. पुढं मामाच्या घरी, म्हणजे सख्ख्या मामाच्या, अहमदपूरला ती शिकली, पदवी झाली, आणि साध्या, कोरड्या, मोजक्या शब्दांत लिहिण्याबद्दल नावाजली गेली. तिच्या अहवालात विशेषण सापडलं तर चहा पाजीन, असं राघवेंद्र म्हणायचा. सहा वर्षांत त्याला एकदाही खिशात हात घालावा लागला नव्हता.

राघवेंद्र म्हणजे ही सगळी यंत्रणा ज्यानं बांधली तो, पलीकडच्या टेबलावरचा. तिनं त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘एखादा तक्रार करणारा नुसत्या बोलण्यावरून ओळखू आला, तर?’

‘मॅडम, मी कुलूप असं केलंय की ब्रह्मदेवाला उघडणार नाही,’ तो म्हणाला. ‘पण माणूस आतूनच कडी काढून या, बसा म्हणाला, तर त्याला मी काय करू? कोण ओळखू आलं?’

‘कुणी नाही.’

‘मग बरंय. कारण उद्या कुणी शपथेवर विचारलं, तर तुम्हाला माहीत नाही म्हणता आलं पाहिजे. माहीत असेल तर ही फाइल तुमची नाही, दुसऱ्याकडं द्यायची.’

दुसऱ्याकडं. दुसरा कुणी ही फाइल वाचील आणि सरडा दिसताच ती बाजूला ठेवील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ओळखणं आपल्या हातात नसतं, ती स्वतःशी म्हणाली. ओळखलंय हे कबूल करणं तेवढं हातात असतं. आणि खरी अडचण पुढंच होती. नियम असा, की तक्रार जशीच्या तशी तपासणी समितीकडं जायची आणि तिची प्रत वसतिगृहालाही मिळायची, त्यांना उत्तर देता यावं म्हणून. तक्रारदार हो म्हणाला तरच शब्द बदलता यायचे. म्हणजे ही शपथ आणि हा सरडा सरळ मालकाच्या टेबलावर जाणार. सटवामामा तिथं काय करत असेल? फाटकाशी राखणदारी, दुसरं काय. साठी उलटून गेलेला, एकटा, वसतिगृहाच्याच एखाद्या खोलीत आसरा. तिनं कप खाली ठेवला आणि लिहिलं, ‘आपली तक्रार मिळाली. थोडी माहिती हवी. दुसऱ्या मजल्यावर नेमकी किती दारे लागत नाहीत?’

‘मोजून येतो,’ उत्तर आलं. अर्ध्या तासानं: ‘सात. आठवं लागतंय, पर कुरकुर करतंय.’

‘चीर किती रुंद आहे?’

‘सांगितलं की. सरडा...’

‘बोटांत सांगा.’

‘करंगळीचं एक पेर आत जातंय. सरडा जरा सरकला तर दोन.’

‘खांब कधी काढले?’

‘उन्हाळ्यात, पोरी गावाला गेल्यावर. मी मालकाला म्हणलं, साहेब, खांब म्हणजे काय खुर्ची हाय का, उचलून ठेवायला? त्यांनी पाव्हण्याला बोलावून मला परत म्हणायला लावलं. दोघं लई हसले.’

तनुजाच्या मनात एकदम शंका आली. एवढं भराभर टाइप कोण करतंय? ‘तुम्ही हे कुठे बसून लिहिता?’

‘लिहीत न्हाई, फोनपुढं बोलतो. फोन लिहितो.’

‘मोठ्याने?’

‘मला कमी ऐकू येतंय. मोठ्यानंच की.’

‘फाटकावर?’

‘तुम्हाला कसं कळलं फाटक?’

राघवेंद्रनं बांधलेली ती अभेद्य यंत्रणा, आणि तिच्या एका टोकाला भर दुपारी रस्त्यावर बसून आपली गुप्त तक्रार गावाला ऐकू जाईल अशी ओरडणारा म्हातारा. आणि दुसऱ्या टोकाला ही, एका शब्दात पकडली गेलेली. ‘अंदाजाने लिहिले,’ तिनं कसंबसं टाकलं. ‘उद्यापासून मोकळ्या मैदानात जाऊन बोला. कृपा करून. आणि एक परवानगी हवी. तुमच्या शब्दांवरून तुम्ही ओळखू याल. मजकूर आम्हाला साध्या शब्दांत लिहू द्या.’

‘कोण वळखतंय? नाव कुठंच टाकलं न्हाई, बगा.’

‘शेवटची शपथ काढावी लागेल. सरडाही.’

मग आलं: ‘शपथ काढा. सरडा काढायचा न्हाई. सरडा खरा हाय.’

‘आणि लग्न?’

‘लग्नाचं थोडं मागंपुढं झालं असंल.’

ती पुन्हा हसली, आणि हसता हसता तिला वाटलं, हेच. हेच होणार आहे. समितीचे चार लोक टेबलाभोवती बसतील, कुणीतरी सरड्याच्या लेकीचं लग्न मोठ्यानं वाचील, सगळे हसतील, चहा येईल. तिनं लिहिलं, ‘सरडा राहिला तर लोक हसतील. हसले की खांब विसरतील.’ आणि हे वाक्य पाठवल्यावर तिचं तिलाच ते कुठून आलं ते कळलं. तिच्या घराच्या उंबऱ्यातून आलं. गावचे गणपती बोळवून माणसं परतत होती, गुलालानं दार माखलं होतं, आणि सटवाजी दारात उभा राहून आईला सांगत होता, वहिनी, आज लेकरं घेऊन अंगणात निजा, रांजणावरचं झाकण पुन्हा वाजलालंय. आईचे हात पिठात होते. ती मनगटानं डोळ्यावरची बट सारत हसली. ‘भाऊजी, परवा तर म्हणत होतात गावात हत्ती येणार म्हणून. आला की उठवा आम्हाला.’ ते हसू. आईचं तनुजाकडं उरलेलं शेवटचं काही असेल तर ते हसू, पिठाच्या हातांसकट. आणि गेली तीस वर्षं तिला त्या हसण्याचा रागही करता येत नव्हता आणि ते जवळही घेता येत नव्हतं. खरं तर आईची तरी काय चूक? ते झाकण सटवाजी वर्षभर, दर आठवड्याला वाजवत होता. जमीन वर्षभर गुरगुरत होती हे खरं, पण तो त्याच तोंडानं हत्तीही आणत होता. तो स्वतः त्या दिवशी बाहेर निजला. त्याची बायको चांगुणा आत निजली. तिनंही नवऱ्याच्या गोष्टी जन्मभर ऐकलेल्या होत्या.

दुसरा दिवस गेला. तनुजानं पडद्यावरची ती रिकामी जागा इतक्या वेळा उघडून पाहिली की राघवेंद्र म्हणाला, ‘मॅडम, निकाल लागून राहिला का कुणाचा?’ रिकाम्या जागेत तिला कधी फाटक दिसायचं, कधी तो कोपरा, कधी एक माणूस फोन हातात धरून गप्प बसलेला. आणि सटवाजी गप्प बसलेला तिनं आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे ते चित्र काही केल्या पुरं होईना. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, एक ओळ आली. ‘एकदा मी खरं सांगितलं होतं. गाव हसलं. माझ्या घरचं माणूस बी हसलं. काढा सरडा.’

मग तिनं ते काम केलं. भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तसं, फक्त इथं टरफल ठेवायचं होतं आणि दाणा टाकायचा होता. सवयीनं उभ्या असलेल्या मजल्यांच्या जागी तिनं लिहिलं, ‘तळमजल्यावरील दोन खांब काढल्याने वरील तीन मजल्यांच्या आधाराविषयी गंभीर शंका आहे.’ माणसाला विचारून लागणाऱ्या दारांचं झालं, ‘सात दारे चौकटीत बसत नाहीत.’ प्रत्येक ओळीला तिला वाटत होतं की आपण कुणाचा तरी आवाज घोट घोट पाणी पाजून विझवतोय. ज्या आवाजानं तिला छताखाली आणलं होतं तोच. शेवटी अर्ज असा झाला की तो कुणीही लिहिला असता. म्हणजेच कुणीच लिहिला नव्हता. आणि बोट एकाच दाराकडं जाऊ नये म्हणून तिनं शिफारस केली, की त्या गल्लीतली नऊच्या नऊ वसतिगृहं एकाच दिवशी तपासावीत.

तपासली गेली. आठवड्याच्या आत त्या इमारतीच्या तळमजल्यावर लोखंडी टेकू उभे राहिले, एकशेचाळीस पोरी पेट्या, वह्या, वाळत घातलेले कपडे उचलून एका मंगल कार्यालयात राहायला गेल्या, आणि शेजारच्या दोन वसतिगृहांतही भलतंच काही सापडलं, जे कुणी सांगितलंच नव्हतं. अहवाल वाचून तनुजा खिडकीशी जाऊन उभी राहिली. आता ह्या आकड्याखालचा हा संवादाचा धागा बंद करायचा. काम झालं की बंद, असा दंडक. तिनं तो आज करू, उद्या करू म्हणून तसाच ठेवला. तेवढ्यात त्याच धाग्यातून लांबलचक निरोप येऊन पडला. लांबलचक म्हटल्यावर तिला बरं वाटलं. वाचल्यावर वाटेना.

‘बाई, घोटाळा झाला. मालकाचा मेव्हणा शिवशंकरराव, त्यांच्या हातात अर्जाची प्रत. म्हणतेत, असा सुद्ध भाषेतला अर्ज आमच्यात एकच जण लिहितंय, रेक्टर गोदावरीबाई, बीए झालेल्या. त्यांना उद्या काढणार. त्यांना ह्यातलं काडीचं ठाऊक न्हाई. पोरींना ताप आला तर उशाशी बसणारी बाई हाय ती. म्हणून मी गेलो आन सांगून टाकलं, अर्ज मीच केला.’

तनुजानं लगेच लिहिलं, ‘काय म्हणाले?’

‘हसले. म्हणले, तू लिहिला असता तर बिल्डिंगीला शेपटी फुटली असती. म्हणले जा, फाटकावर बस.’

तिच्या डोळ्यांपुढं तिचाच तो कोरडा अर्ज आला. एका माणसाला झाकायला तिनं कापड विणलं होतं, आणि ते नेमकं दुसरीच्या मापाचं निघालं. हे कसं सुचलं नाही आपल्याला? कुणीच न लिहिलेला अर्जसुद्धा कुणासारखा तरी असतो. ती उत्तर काय द्यावं म्हणून बोटं मोडत होती, तेवढ्यात पुढचं आलं.

‘मग मी दुसरं सांगितलं. म्हणलं, साहेब, खरं सांगतो, भिऊन बोललो न्हाई. एक माणूस तीनदा आलता. सोमवारी, गुरवारी, आन परत सोमवारी. पांढरी गाडी, सोलापूरचा नंबर. निळा सदरा. हातात लाल उजेड पाडून मोजायचं यंत्र. दुसऱ्या क्लासचा असंल. तुमच्यावाणी सांगितलं बगा. नुस्ते आकडे. कुणी हसलं न्हाई.’

आणि खाली एकच ओळ: ‘आता तुम्हाला फोन येईल.’

आला. शिवशंकरचा आवाज साखरेत घोळलेला होता. ‘ताई नमस्कार. आम्ही काय तुमच्यावर नाराज न्हाई बरं का. उलट तुमच्यामुळं लेकरं वाचली, सर म्हणाले सत्कारच करावा. ज्यानं तक्रार केली त्याचा सुद्धा. नाव तेवढं सांगा.’

‘आम्हाला नाव माहीत नसतं,’ तनुजा म्हणाली.

‘हाव, हाव, ते वाचलंय आम्ही. नाव नका सांगू. आतला का बाहेरचा, एवढंच सांगा. आता बघा, आमच्या एका मॅडमवर उगं बालंट यायलंय, चिठ्ठी टाइप करून ठेवलीय त्यांची. बाईमाणूस, जाईल कुठं? तुम्ही एक शब्द बोललात तर पुण्य लागंल तुम्हाला. आम्हाला कळलंय, सोलापूरकडची गाडी होती म्हणून. खरं का खोटं?’

ह्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर होतं. भिंतीवर चिकटवलेलं होतं: ह्याबाबत काहीही सांगता येत नाही. सहा वर्षांत तिनं ते शेकडो वेळा म्हटलं होतं आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं. आज ते म्हटलं की नियम शाबूत राहणार होता, आणि उद्या गोदावरी नावाची एक बाई, जिला तनुजानं पाहिलंही नव्हतं, आपली पेटी उचलून रस्त्यावर उभी राहणार होती. खोटं बोलावं, तर ते बोलायचं कसं हेही तिला येत नव्हतं. तोंडात शब्द जमा झाले की त्यांची आपोआप बरोबर रांग लागायची. खाली टायर आपटला. पलीकडं शिवशंकर श्वास घेत वाट पाहत होता, आणि त्या श्वासात तिला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. पत्र्याच्या शेडाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या पोरांचा श्वास असाच यायचा, अर्धं ऐकू आलं की. गोष्ट सांगायची नसतेच. आवाज बारीक करायचा. ऐकणारा आपण होऊन आत सरकतो.

तिनं एक, दोन, तीन असे ठोके जाऊ दिले. मग अगदी हळू, घाबरल्यासारखी म्हणाली, ‘गाडीचा नंबर तुम्हाला कुणी सांगितला?’

पलीकडं खुर्ची करकरली. ‘बस्स,’ शिवशंकर म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज मनापासून खूश वाटला. ‘बस्स, ताई. आता काही बोलू नका तुम्ही. तुम्ही काही सांगितलंच न्हाई. आमच्या मॅडमची चिठ्ठी फाडतो ही, तुमच्या कानावर पडू द्या,’ आणि खरोखर कागद फाटल्याचा आवाज आला. खरा कागद होता की त्यानं आपलं रुबाबासाठी रद्दी फाडली, देव जाणे. तनुजानं फोन ठेवला. राघवेंद्र तिच्याकडं बघत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो उठला, खाली गेला आणि दोन चहा सांगून आला.

तिनं धागा उघडला. ‘गोदावरीबाईंची नोकरी राहिली,’ तिनं लिहिलं. पुढं आणखी लिहायचं होतं. पत्रा, कोपरा, पाटी, तेलुगूतलं उत्तर. पिठाचे हात. आई हसली होती पण मला तुमचं खरं वाटलं होतं, हे तीस वर्षांत एकदाही न उच्चारलेलं वाक्य. बोटं अक्षरांवर ठेवून ती थांबली, तेवढ्यात त्यानंच उत्तर टाकलं. म्हातारा आता पुरता तयार झाला होता.

‘कोण गोदावरीबाई? आपल्याला काय ठाऊक न्हाई. कसला अर्ज, कुठलं वसतिगृह? आन तुम्ही तरी कोण?’

तनुजानं ‘तनु’ एवढी दोन अक्षरं लिहिली. ती बराच वेळ तशीच राहू दिली. मग पुसली, आणि धागा बंद केला.